सीडीसीवर यायला कोणी तयार होत नाही. माणसं कशी जोडायची?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालय विकास समितीवर, म्हणजे सगळे जिला सीडीसी म्हणतात तिच्यावर, शिक्षकांमधून निवडून गेले. जागा ३ होत्या आणि अर्जही ३च आले. तिसरा अर्ज भरावा म्हणून एका सहकाऱ्याच्या घरी जाऊन गळ घालावी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ मध्ये ही समिती आहे. त्याआधी १९९४ च्या कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती असायची, जुनी मंडळी अजून एलएमसीच म्हणतात. नव्या समितीत संस्थेचे अध्यक्ष व सचिव, प्राचार्य, एक विभागप्रमुख, शिक्षकांनी निवडलेले ३ जण (त्यात किमान एक महिला), शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा १ प्रतिनिधी, बाहेरचे ४ स्थानिक सदस्य, गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव असतात. वर्षातून किमान ४ सभा व्हायलाच हव्यात. अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, महाविद्यालयाचा विकास आराखडा हे सगळं तिथे येतं. म्हणजे ही शोभेची समिती नाही.

आमच्याकडे विद्यार्थी परिषद बसलेली नाही, त्यामुळे मुलांच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी प्राचार्यांना विनंती केली की निदान दोन मुलांना निमंत्रित म्हणून बोलवू. सर लगेच हो म्हणाले. पहिल्या सभेला एक मुलगा आणि एक मुलगी आली, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसली, सही केली, चहा घेतला, शेवटपर्यंत अवाक्षर बोलली नाहीत. दुसऱ्या सभेला दोघंही आली नाहीत. शिक्षकांचं म्हणाल तर, "मॅडम, तुम्ही आहात ना तिथे, मग झालं," असं म्हणतात.

मला मनापासून वाटतं की महाविद्यालय जेवढं संस्थेचं आहे तेवढंच तिथे शिकणाऱ्याचं आणि झाडू मारणाऱ्याचंही आहे. लोकांनी यावं, बोलावं, पुन्हा यावं, यासाठी तुमच्याकडे काय केलं जातं? अनुभव सांगा.

घाटमाथा

पहिला प्रश्न. विषयपत्रिका किती दिवस आधी मिळते?

शाईपेन

आम्हाला आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर. मुलांना शिपायाकडून तोंडी निरोप गेला होता.

घाटमाथा

मग मुलं गप्प बसली यात नवल नाही ताई. मी एका विषयाच्या अभ्यास मंडळावर ५ वर्षं काढली. पहिलं वर्ष मीही गप्पच होतो, कारण बैठकीत हातात पडलेला ४० पानांचा अभ्यासक्रम तिथल्या तिथे वाचून कोण काय बोलणार? सगळे मान डोलावतात, "सर्वानुमते मंजूर" होतं आणि माणसं जेवायला उठतात.

दुसऱ्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षा बदलल्या. त्यांनी एकच केलं. मसुदा १० दिवस आधी पाठवायच्या आणि प्रत्येकाला त्यातलं एक प्रकरण वाटून द्यायच्या. सोबत चिठ्ठी: "याबद्दल बैठकीत आधी तुम्ही बोलायचं आहे." त्या वर्षी पहिल्यांदा आमच्यात खरी वादावादी झाली. तीन तास चालली. एका सरांनी संदर्भग्रंथांच्या यादीतली कुठेच न मिळणारी पुस्तकं दाखवून दिली, त्यातली ६ आम्ही काढली. तो अभ्यासक्रम मला आजही माझा वाटतो.

कागद आधी पोचला पाहिजे आणि तो कोणाच्या तरी नावाने पोचला पाहिजे. सगळ्यांना पाठवलेला कागद कोणी वाचत नाही.

बाभूळबन

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

मुलं ३ वर्षांसाठी येतात. त्यातलं पहिलं वर्ष बावरण्यात आणि शेवटचं स्पर्धा परीक्षेच्या धास्तीत जातं. त्यांना अंदाजपत्रकाच्या सभेत बसवून त्यांचा काय फायदा? मी ज्या काळात शिकलो तेव्हा निवडणुका होत्या. जीएस म्हणजे सरचिटणीस, यूआर म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, सगळं होतं. वर्गात फळ्यावर नावं, कँटीनमध्ये फुकट वडापाव, शेवटी हाणामाऱ्या. मुंबईत १९८९ साली निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. आईबापांनी सुटकेचा श्वास सोडला होता. माझ्याही वडिलांनी.

सहभाग वाढवा म्हणताना हे दार पुन्हा उघडतंय याचं भान ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

लोकल_८_१२

बाभूळबन काका, भीती खरी आहे. पण निवडणुका बंद केल्यावर पंचवीसेक वर्षांत काय झालं तेही बघा. वर्गात पहिला आलेला मुलगा आपोआप प्रतिनिधी झाला. त्याला कोणी विचारलं नाही की तुला हे करायचंय का, आणि वर्गालाही कोणी विचारलं नाही की हा तुम्हाला चालेल का. माझ्या वर्गाचा प्रतिनिधी कोण होता ते मला आठवत नाही, आणि तो बिचारा मीच असतो तर तुम्हालाही आठवलो नसतो.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये खर्चाची मर्यादा, वयाची अट, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टरवर बंदी असे कितीतरी उपाय सुचवले ते याच भीतीपायी. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं होतं, ते विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेलं, मग करोना आला. म्हणून शाईपेन ताईंच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.

चंचुपात्र

नमस्कार. मी प्रयोगशाळा परिचर. रसायनशास्त्र विभागात नोकरीची २२ वर्षं. आमच्या कॉलेजच्या सीडीसीवर शिक्षकेतरांतून मी आहे.

पहिल्या सभेला गेलो तेव्हा साहेब लोक टेबलाभोवती आणि मी भिंतीकडच्या खुर्चीवर. कोणी मुद्दाम बसवलं नव्हतं, मीच जाऊन बसलो. सवय. चहा आला तर उठून ट्रे धरायला गेलो. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही सदस्य आहात, तुम्ही बसा." आणि त्यांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली. त्या खुर्चीत बसल्यावर मला बोलता आलं हो. तोवर जमलंच नसतं.

मी काय बोललो? आमच्या लॅबमधली अग्निशामक नळकांडी. त्याच्या चिठ्ठीवर भरल्याची तारीख असते आणि परत कधी भरायची ती पण असते. रोज धूळ पुसताना मी ती वाचायचो. मुदत संपून सव्वा वर्ष झालं होतं. विभागप्रमुखांना माहीत नाही, प्राचार्यांना नाही, ऑफिसला नाही. कारण ते पुसत नाहीत ना. महिन्याच्या आत सगळ्या इमारतीतली १४ नळकांडी भरून आली.

ज्याचा हात जिथे फिरतो त्याला तिथलं दिसतं. म्हणून सगळ्या प्रकारची माणसं पाहिजेत समितीत.

रानजाई

चंचुपात्र काका, दंडवत. आणि नाव काय सुंदर घेतलंय! नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकानंतर बीकरसाठीचा हा शब्द आज भेटला.

चंचुपात्र

रोज २०० धुतो. दुसरं नाव सुचलंच नाही.

तासिका

मी तासिका तत्त्वावर शिकवते, सीएचबी. सातवं वर्ष. शाईपेन मॅडम, तुमच्या "शिक्षक येत नाहीत" या वाक्यापाशी मी थांबले, म्हणून लिहितेय.

सीडीसीचे शिक्षक प्रतिनिधी निवडतात पूर्णवेळ शिक्षक, आपल्यामधून. आम्हाला मत नाही, उभं राहता येत नाही. आमच्या विभागात ५ जण शिकवतात, त्यात पूर्णवेळ फक्त एक. पेपर तपासणं, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाच्या वेळी मदतकक्ष, वृक्षारोपण, सगळीकडे आम्ही आहोत. वेळापत्रक कुठे बसतं, शनिवारी कुठल्या खोलीत गळतं, कोणती मुलं फी भरता येत नाही म्हणून येईनाशी झालीत, हे आम्हाला माहीत असतं. पण जिथे हे बोलायचं त्या खोलीत आम्ही नाही. आणि खरं सांगू का, बोलावलं तरी धास्ती असते. जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असते.

तुम्ही मुलांना निमंत्रित म्हणून बोलावलंत. तसं आमच्यातल्या एकालाही बोलवा. कायदा आड येत नाही, फक्त कोणाला सुचलेलं नसतं.

शाईपेन

तासिका, तुमचं बरोबर आहे. मी हा धागा लिहिताना "शिक्षक" म्हणून ज्यांचा विचार केला त्यात तुम्ही नव्हता, ही माझी चूक. आमच्याकडे सीएचबीवर ११ जण आहेत. उद्याच प्राचार्यांशी बोलते.

घाटमाथा

+१. आणि धास्तीवर उपाय: प्रश्न लेखी मागवायचे, नाव न घालता, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीने ते वाचायचे. सभेत "एका सहकाऱ्याने विचारलं आहे" एवढंच म्हणायचं.

राईनकाठ

जर्मनीत पीएचडी करतेय, आधीचं शिक्षण मराठवाड्यात. इथलं थोडं सांगते, तुलनेसाठी.

इथे प्रत्येक विभागाच्या विद्यार्थ्यांची संघटना असते, फाखशाफ्ट म्हणतात. नव्या प्राध्यापकाची निवड करायची असली की निवड समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. उमेदवार मुलांसमोर नमुन्याचा तास घेतो आणि त्याच्या शिकवण्याबद्दल मुलांनी लिहिलेलं मत फाइलला लागतं. मी पहिल्यांदा अशा समितीत बसले तेव्हा हाताला घाम फुटला होता. माझ्या गावच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीचं दार वाजवायलाही आम्ही घाबरायचो.

सगळं गोड मात्र नाही. १९६८ नंतर इथे वाद पेटला होता की विद्यार्थी, सहायक आणि प्राध्यापक यांना सारखीच मतं हवीत. तो कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेला. १९७३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सगळ्या गटांनी मिळून निर्णय घ्यायला हरकत नाही, पण अध्यापनाच्या प्रश्नांत प्राध्यापकांना निदान निम्मी मतं हवीत, आणि संशोधन व प्राध्यापकांच्या नेमणुका यांत त्यांचंच पारडं जड हवं. त्यामुळे आमचं मत आहे, पण त्याने ठराव फिरत नाही. तरी ते ऐकलं जातं, कारण ते लेखी असतं.

दुसरी अडचण म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधीची मुदत बहुधा वर्षाची. काम कळायला लागतं तोवर संपतं. आमच्या फाखशाफ्टमध्ये यासाठी एक जाड वही आहे. जाणारा येणाऱ्यासाठी लिहून ठेवतो: कुठला विषय कुठवर आला, कोणाकडे गेल्यावर काम होतं, कोणत्या प्रश्नाला तीनदा नकार मिळालाय आणि का. मला ती वही मिळाली नसती तर मी दुसऱ्या बैठकीनंतर सोडलंच असतं.

पायवाट

वहीची कल्पना फार आवडली.

मी गावाकडचा, दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होतो. धागा वाचताना सारखी ग्रामसभाच डोळ्यांपुढे येत होती. तिथेही तेच रडगाणं, लोक येत नाहीत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढीही जमत नाहीत, मग तहकूब सभा.

आमच्या गावात बदल कशाने झाला सांगतो. कायद्यात आहे की ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. आमच्या ग्रामसेविका बाईंनी ती खरोखर घेतली, अंगणवाडीत, दुपारी ३ वाजता, बायकांची कामं उरकल्यावर. तिथे ३०-४० बायका आपसांत मोकळं बोलल्या. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या मोडल्यात, रेशनच्या दुकानासमोर दिवा नाही. मग ग्रामसभेत जाताना त्या एकेकट्या गेल्या नाहीत. विषय ठरलेला, बोलणारी ठरलेली, आणि मागे दहाजणी बसलेल्या. सरपंचांनाही उत्तर द्यावंच लागलं.

मुलांचं तसंच करून बघा. सीडीसीच्या आधी मुलांची सभा. दोन पोरांना एकदम साहेबांपुढे बसवलं तर ती गपगार होणारच. मागे वर्ग आहे असं वाटलं की पाठ ताठ होते.

बाभूळबन

पायवाट, हे पटलं. माझा विरोध फुकटच्या वडापावला होता, अशा सभेला नाही.

रानजाई

बाभूळबन काका, तेवढा वडापाव ठेवा हो, संस्थेच्या खर्चाने!

माझा अनुभव बढतीच्या बाजूचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत शिक्षकाच्या कॅससाठी (बढतीच्या योजनेसाठी) अशा उपक्रमांतला सहभाग मोजला जातो, वर्षाला ३ केले की "चांगला" शेरा. हेतू उत्तम आहे. पण आमच्याकडे काय झालं, समित्यांची संख्या वाढली आणि सभांची घटली. ३४ समित्या होत्या. एकाच सहकाऱ्याचं नाव ९ समित्यांत. वर्षाअखेर सगळे प्रमाणपत्रं गोळा करत फिरतात.

आम्ही चौघींनी मिळून प्राचार्यांना लिहून दिलं की एकाने दोनपेक्षा जास्त समित्या घ्यायच्या नाहीत, आणि ज्या समितीची वर्षात एकही सभा झाली नाही ती पुढच्या वर्षी ठेवायची नाही. कायद्याने लागणाऱ्या समित्या सोडून बाकी ३४ वरून १५ वर आल्या. आता ज्या आहेत त्या भरतात. माणसं कमी पडत नव्हती, समित्याच जास्त झाल्या होत्या.

लोकल_८_१२

जरा विद्यापीठाकडे नेतो विषय. पदवीधरांना अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, १० प्रतिनिधी निवडून देता येतात हे इथल्या किती जणांना माहीत आहे? पदवी मिळाली म्हणून आपोआप मत मिळत नाही, नोंदणीकृत पदवीधर म्हणून अर्ज भरावा लागतो. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये स्थगित झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर झाली. मी तेव्हा पहिल्यांदा मत दिलं. मतपत्रिकेवर फुली नाही, शिक्का नाही, नावापुढे पसंतीचे आकडे लिहायचे: १, २, ३. शाळेतल्या पेपरसारखं वाटलं. त्या रांगेत माझ्या मागे सत्तरीचे एक आजोबा होते, म्हणाले, "पोरा, पदवी घेऊन ४५ वर्षं झाली, पण विद्यापीठाने मला काही विचारलं असं आज वाटलं."

आणि शाईपेन ताई मराठीच्या, म्हणून सांगतो. विद्यापीठाच्या परीक्षांतून बाहेर गेलेली मराठी परत यावी यासाठी न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षं झटले ते याच सिनेटच्या खोलीत. पहिल्या झटक्यात झालं नाही. ठराव, विरोध, समिती, पुन्हा ठराव.

शाईपेन

अगदी. मी एमएच्या मुलांना हे दर वर्षी सांगते. आज पहिल्यांदा जाणवलं की मी त्यांना रानड्यांबद्दल सांगते आणि सीडीसीची तारीख मात्र सांगत नाही.

तिसरा_बाक

मी द्वितीय वर्ष बीएस्सी. वाचत होतो फक्त, पण आता लिहितो.

मॅडम, तुमची सभा किती वाजता असते?

शाईपेन

साडेचारला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना तीच वेळ सोयीची पडते. का रे?

तिसरा_बाक

आमच्याकडे पण साडेचारलाच असते. मला मागच्या वर्षी बोलावलं होतं. आमच्या गावाला जाणारी एसटी ५.१० ला आहे. ती गेली की थेट ७.४०. ती फाट्यावर सोडते, तिथून ३ किलोमीटर चालत. मला चालतं, पण माझ्यासोबत जी मुलगी होती तिला घरून सांगितलेलं की ५.१० चीच गाडी. मी सभेत बसलो होतो तेव्हा एकच विचार डोक्यात, उठू का, उठलं तर सर काय म्हणतील. विषय काय चालले होते सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी दोघांनी आजारी आहोत म्हणून सांगितलं.

घाटमाथा

हे वाचून गप्प झालो.

पायवाट

अंगणवाडीत दुपारी ३ वाजता. हेच ते.

रानजाई

मुलांच्या प्रतिनिधित्वाबद्दल एक भर. काही समित्यांमध्ये मुलांची जागा आधीपासून नियमात आहे, ती तरी भरून घ्या. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत तक्रार समितीबद्दल यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत म्हटलंय की प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे ३ विद्यार्थी असावेत, तेही पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले. विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या २०२३ च्या नियमांत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. मतदान नाही, पण खुर्ची आहे. बऱ्याच ठिकाणी फलकावर नावं लिहिलेली असतात आणि त्या मुलांनाच माहीत नसतं. आपल्या कॉलेजच्या फलकासमोर उभं राहून एकदा वाचा.

शाईपेन

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतेय. काल सभा झाली. जसं घडलं तसं सांगते.

प्राचार्यांना मी दोन गोष्टी मागितल्या: वेळ बदला आणि विषयपत्रिका आठवडाभर आधी द्या. वेळेबद्दल ते म्हणाले, पदाधिकाऱ्यांना विचारावं लागेल. मी तिसरा_बाकचा मजकूर छापून नेला होता, तो त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्यासमोर अध्यक्षांना फोन लावला. सभा सकाळी ११.३० ला ठरली. अध्यक्षांचं शेत आहे, ते म्हणाले सकाळ मलाही बरी.

मग पायवाट दादांचं ऐकून मुलांची सभा घेतली, तळमजल्यावरच्या मोठ्या वर्गात, सुट्टीच्या वेळात. मला वाटलं २० येतील. ५५-६० आली. मी आणि सीएचबीवरच्या एक मॅडम मागे बसलो, बोललो नाही. पहिली दहा मिनिटं शांतता, नंतर थांबेनात. फळ्यावर १७ विषय झाले. त्यातले ३ निवडायचे म्हणून हात वर करून मतं घेतली आणि बोलायला कोण जाणार तेही त्यांनीच ठरवलं. दोन मुली निवडल्या.

सभेत पहिला विषय मुलींच्या विश्रामकक्षाचा निघाला. मी १३ वर्षं तिथे शिकवते आणि मला हे माहीत नव्हतं. खोली आहे, आरसा आहे, पंखा आहे, नॅकच्या भेटीत दाखवलीही जाते. पण कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसमध्ये. किल्ली हवी तर काउंटरवर जाऊन मागायची, वहीत नाव, वेळ आणि कारण लिहायचं. कारण! ती मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, काउंटरवर रांग असते, मुलं उभी असतात. आम्ही कारण काय लिहायचं?" बस, एवढंच. खोलीत कोणी काही बोललं नाही. आमच्या शिक्षकेतर प्रतिनिधींनी मान खाली घातली, कारण ती वही त्यांच्याच टेबलावर असते. त्यांना कोणी तशी ठेवायला सांगितली होती, ते आता कोणालाच आठवत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, यात अडचण काय आहे? अडचण काहीच नव्हती. दुपारी दोनच्या आत कुलूप निघालं. खोली १० ते ५ उघडी, देखभाल ग्रंथालयातल्या मॅडमकडे.

दुसरा विषय ग्रंथालयाच्या वेळेचा, तो पुढच्या सभेत माहितीसह यायचा आहे. तिसरा, एका अभ्यासक्रमाच्या फीबद्दलचा, फेटाळला गेला. पण का ते अध्यक्षांनी आकडे मांडून सांगितलं, आणि मुलींनी ते लिहून घेतलं.

एक तांत्रिक पेच झाला. निमंत्रितांना सूचक होता येत नाही, म्हणून ठरावाला सूचक मी आणि अनुमोदक विभागप्रमुख. मला ते बरं वाटेना. शेवटी इतिवृत्तात "निमंत्रित विद्यार्थिनींनी मांडलेल्या विषयावरून" असं वाक्य घातलं आणि दोघींची नावं लिहिली. इतिवृत्ताची प्रत आज मुलांच्या फलकावर लावली. सीएचबीवरच्या मॅडमही निमंत्रित होत्या. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीचा विषय त्यांनी मांडला, दुरुस्तीला मंजुरी मिळाली.

तासिका

कोणती खोली हो? आमच्याकडे पण गळते.

आणि मॅडम, आभार. शब्द पाळलात.

चंचुपात्र

त्या ऑफिसमधल्या माणसाला सांगा, मान वर करा म्हणावं. आपण सगळे सांगितलेली वही पुढे चालवत असतो. आता तो समितीत आहे तर उद्या दुसरी अशी वही तोच दाखवून देईल.

बाभूळबन

ताई, त्या दोघी मुली पुढच्या वर्षी निघून जातील. मग?

शाईपेन

काका, त्यासाठी राईनकाठची वही घेतली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर मोठ्या मुलीने काय लिहिलंय ते इथे उतरवते, तिची परवानगी घेतली आहे:

"सभा सकाळी ११.३० ला असते. गाडी चुकत नाही. विषयपत्रिका ऑफिसातून आठवडाभर आधी मागून घ्यावी, आपणहून आली नाही तर विचारावं, रागवत नाहीत. टेबलाजवळच्या खुर्चीत बसावं. बोलायच्या आधी पाणी प्यावं. किल्लीचा विषय झाला. ग्रंथालयाचा बाकी आहे, सकाळच्या किती गाड्या किती वाजता येतात ते मोजून न्यायचं आहे. मोजणी सोमवारपासून."

तिसरा_बाक

ताई, त्या पानाचा फोटो टाकता येईल का? आमच्याकडे पुढच्या महिन्यात सभा आहे. मी वेळेबद्दल अर्ज लिहिलाय, त्याला जोडतो.

शाईपेन

संध्याकाळपर्यंत टाकते. अर्जाची एक प्रत तुझ्याजवळ ठेव, आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नकोस.